संकेतस्थळावर तक्ता टाकणे आणि सजवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील शेतकरी उत्पादक कंपन्या, बाजार समित्या, ग्रामपंचायती, शाळा आणि बचत गट यांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक जण वर्डप्रेस हे संकेतस्थळ बनवण्याचे साधन वापरतात, म्हणून पडद्यावरील पर्यायांची नावे त्यातील आहेत. बाकीचे विवेचन मात्र कोणत्याही साधनाला लागू पडते. तक्ता ज्या कास्तकारासाठी आहे, तो हा तक्ता बहुधा फोनवर, कमकुवत नेटवर्कमध्ये आणि एखाद्याच ओळीच्या शोधात उघडणार आहे. पुढील प्रत्येक उत्तर हे गृहीत धरून दिले आहे.

१. दराचे पत्रक फलकावर लावलेलेच असते. त्याचा फोटो काढून संकेतस्थळावर टाकला तर काय बिघडते?

फोटोतील मजकूर हा मजकूर राहत नाही. ‘तूर दर वाशीम’ असे कोणी गुगलवर शोधले, तर फोटोतील आकड्यापर्यंत ते पोहोचेलच याची खात्री नसते. अंध व्यक्तीच्या फोनला तो वाचता येत नाही. बोटांनी मोठा केला की आकडे धूसर होतात. आणि चार केबीत मावणाऱ्या मजकुरासाठी दोन-तीन एमबी डेटा खर्च होतो. पत्रकावर सही-शिक्का असेल आणि पुरावा म्हणून ते दाखवायचेच असेल, तर फोटो तक्त्याच्या खाली जरूर द्यावा, पण तक्त्याच्या जागी देऊ नये.

२. ब्लॉक, विजेट आणि प्लगइन असे तीन शब्द ऐकू येतात. तक्त्यासाठी यातले नेमके काय वापरावे?

वर्डप्रेसच्या एडिटरमध्ये पानाचा प्रत्येक तुकडा हा ब्लॉक असतो आणि ‘टेबल’ नावाचा ब्लॉक त्यात आधीपासूनच मिळतो. एलिमेंटरसारख्या पान-रचना साधनात अशाच तुकड्याला विजेट म्हणतात. प्लगइन म्हणजे वरून बसवलेली जोड. तिच्यातून नवे ब्लॉक किंवा विजेट मिळतात.

निवड तक्त्याच्या स्वभावावरून करावी. दहा-बारा ओळींचा आणि क्वचितच बदलणारा तक्ता, उदाहरणार्थ शाळेचे वेळापत्रक किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यांचे शुल्क, टेबल ब्लॉकमध्ये करावा. ओळी जास्त असतील, वाचकाला शोध किंवा क्रमवारी हवी असेल, किंवा तोच तक्ता अनेक पानांवर दाखवायचा असेल, तर टेबलप्रेस हे प्लगइन घ्यावे. शोध, क्रमवारी आणि पानांची विभागणी त्याच्या विनाशुल्क आवृत्तीतही मिळते. रोज बदलणाऱ्या दरांसाठी प्रश्न ९ पाहावा.

३. टेबल ब्लॉकमध्ये पहिला तक्ता कसा तयार करायचा?

अधिकच्या चिन्हावर क्लिक करून ‘टेबल’ शोधावे, रकान्यांची आणि ओळींची संख्या भरावी आणि तक्ता तयार करावा. त्यानंतर लगेच उजवीकडच्या सेटिंगमध्ये ‘हेडर सेक्शन’ सुरू करावे. पहिली ओळ नुसती ठळक करून शीर्षकासारखी दाखवणे आणि हेडर सेक्शन सुरू करणे यात मोठा फरक आहे, कारण दुसऱ्या पद्धतीतच संगणकाला ती शीर्षकाची ओळ आहे हे कळते. तेथेच सर्व रकाने समान रुंदीचे ठेवण्याचा पर्याय असतो. मराठी तक्त्यासाठी तो बंद ठेवणे बरे, कारण ‘पिकाचे नाव’ या रकान्याला ‘आवक’पेक्षा नेहमीच जास्त जागा लागते.

तक्त्याखाली मथळ्याची जागा मिळते. ती रिकामी सोडू नये. एकक, कालावधी आणि अद्ययावत केल्याची तारीख तेथे यावी, म्हणजे प्रत्येक सेलमध्ये ‘रु.’ आणि ‘प्रति क्विंटल’ लिहिण्याची गरज उरत नाही. विदर्भातील तीन खरीप पिकांच्या केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आधारभूत किमतींचा हा तक्ता पाहावा:

| पीक | २०२३-२४ | २०२४-२५ | २०२५-२६ |
|---|---:|---:|---:|
| कापूस (मध्यम धागा) | ६,६२० | ७,१२१ | ७,७१० |
| कापूस (लांब धागा) | ७,०२० | ७,५२१ | ८,११० |
| सोयाबीन | ४,६०० | ४,८९२ | ५,३२८ |
| तूर | ७,००० | ७,५५० | ८,००० |

मथळा: किमान आधारभूत किंमत, रुपये प्रति क्विंटल, खरीप हंगाम.

एकक एकदाच आले, आकडे उजव्या कडेला लागले आणि सोयाबीनची ओळ आडवी वाचताच तीन वर्षांतील वाढ ध्यानात येते. या तक्त्याला याहून अधिक सजावट लागत नाही.

४. एलिमेंटरच्या डाव्या पट्टीत टेबल विजेट सापडतच नाही. आमच्या आवृत्तीत काही बिघाड आहे का?

बिघाड नाही. एलिमेंटरच्या मूळ विनाशुल्क संचात तक्त्याचे स्वतंत्र विजेट नसल्यामुळे ते पूरक प्लगइनमधून घ्यावे लागते. इसेन्शियल ॲडऑन्सच्या विनाशुल्क आवृत्तीतील ‘डेटा टेबल’ हे त्यांपैकी एक आहे. त्यात मजकूर भरण्याची रीत आधी समजून घ्यावी: प्रत्येक नव्या ओळीची एक नोंद आणि त्या ओळीतील प्रत्येक सेलची आणखी एक नोंद, अशी ती साखळी असते. दहा ओळी आणि पाच रकाने म्हणजे साठ नोंदी झाल्या, आणि मधली एक ओळ वगळायची तर तिच्या सहा नोंदी शोधून काढाव्या लागतात. लहान आणि देखण्या तक्त्यासाठी हे चालते. मोठ्या तक्त्यासाठी आमचा सल्ला असा, की तक्ता टेबलप्रेसमध्ये तयार करावा आणि त्याने दिलेली चौकटी कंसातील छोटी ओळ एलिमेंटरच्या ‘शॉर्टकोड’ विजेटमध्ये चिकटवावी. त्यामुळे पानाची मांडणी एक जण आणि आकडे दुसरा जण सांभाळू शकतो.

५. एक्सेलमधून तक्ता आणला की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा भलतीच रोमन अक्षरे का येतात?

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर एक्सेलमधील मराठी युनिकोडमध्येच (सर्व उपकरणांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतात) होती, पण फाइल साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेला मजकूर) प्रकारात जतन करताना ती हरवली. ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. टेबलप्रेस एक्सेलची मूळ फाइलही थेट स्वीकारते. तो मार्ग अधिक सोपा आहे.

रोमन अक्षरे दिसत असतील, तर मूळ मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. कृतिदेवमध्ये ‘कापूस’ हा शब्द प्रत्यक्षात डी, के, आय, डब्ल्यू, एल या पाच रोमन अक्षरांचा असतो. फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो, इतकेच. वाचकाच्या फोनवर तो फॉन्ट नसतो, म्हणून ती पाच अक्षरे उघडी पडतात. संकेतस्थळावर कृतिदेव फॉन्ट बसवून हा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो, पण शोध, नक्कल आणि वाचून दाखवणारी साधने यांना तरीही रोमन अक्षरेच मिळतात. मजकूर परिवर्तकातून (जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणाऱ्या साधनातून) युनिकोडमध्ये आणणे हाच उपाय आहे. परिवर्तनानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. ‘वर्धा’ आणि ‘चिखलदरा’ यांसारख्या नावांत चुका राहतात. आकड्यांचे रकाने परिवर्तकात घालूच नयेत.

६. संगणकावर तक्ता व्यवस्थित दिसतो, पण मोबाईलवर उजवीकडचे रकाने कापले जातात. काय करावे?

अडचण जागेची आहे. अनेक अँड्रॉइड फोनचा पडदा ब्राउझरच्या हिशेबाने साधारण ३६० पिक्सेल रुंद असतो. पिकाचे नाव, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे पाच रकाने घेतले, तर समान वाटणीत प्रत्येकाला ७२ पिक्सेल येतात, आणि १६ पिक्सेलच्या अक्षरांत ‘सर्वसाधारण दर’ हे शब्द त्यात एका ओळीत मावत नाहीत. मग ब्राउझर शब्द खाली ढकलतो किंवा तक्ता पडद्याबाहेर जातो. अक्षरे ११ पिक्सेलवर आणून तक्ता बसवण्याचा मोह टाळावा. ज्येष्ठ वाचकाला तो वाचताच येत नाही.

पहिला उपाय रकाने कमी करण्याचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत चांगला. बाजारभाव पाहणाऱ्याला सर्वसाधारण दर आणि आवक आधी हवी असते. किमान आणि कमाल दर ‘६,८०० ते ७,३५०’ असे एका रकान्यात देता येतात. दुसरा उपाय आडव्या सरकण्याचा: तक्त्याभोवतीच्या डब्याला सीएसएसमध्ये (पान कसे दिसावे हे ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘ओव्हरफ्लो ऑटो’ द्यावे, म्हणजे पूर्ण पान न हलता फक्त तक्ता सरकतो. त्यासोबत पहिला रकाना ‘पोझिशन स्टिकी’ने जागेवर धरून ठेवावा, नाहीतर सरकवल्यानंतर समोरचा आकडा तुरीचा की हरभऱ्याचा हे कळत नाही. स्थिर रकान्याला स्वतःचा पार्श्वरंग दिला नाही, तर मागचे आकडे त्यातून दिसतात. स्टिकी चालतच नसेल, तर बाहेरच्या एखाद्या डब्यावर ‘ओव्हरफ्लो हिडन’ लावलेले आहे का ते तपासावे.

काही विजेट फोनवर प्रत्येक ओळीचे वेगळे कार्ड करून दाखवतात. बियाण्यांच्या वाणांची किंवा अवजार बँकेतील यंत्रांची माहिती अशी चांगली दिसते, कारण वाचक एका वेळी एकच नोंद वाचतो. दरांच्या तक्त्यात मात्र कार्ड नकोत, कारण एका पिकाची दुसऱ्याशी किंवा एका बाजाराची दुसऱ्याशी तुलना त्यामुळे मोडते.

एलिमेंटरमध्ये फोनसाठीची सेटिंग मूळतः ७६७ पिक्सेलपर्यंत आणि टॅब्लेटसाठीची १०२४ पिक्सेलपर्यंत लागू होते. अंतिम तपासणी मात्र खऱ्या फोनवर करावी.

७. आमच्या संत्रा उत्पादकांच्या संकेतस्थळाचा रंग नारिंगी आहे. शीर्षकाची पट्टी नारिंगी आणि त्यावर पांढरी अक्षरे चालतील का?

चालणार नाहीत. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांचे कॉन्ट्रास्टचे प्रमाण साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असावे लागते. नेहमीच्या नारिंगीवर पांढऱ्या अक्षरांचे प्रमाण जेमतेम २ ला १ भरते. एप्रिल-मे महिन्यांत वरुड किंवा मोर्शीच्या बागेत उभे राहून फोन पाहणाऱ्याला ती पट्टी कोरीच दिसेल. नारिंगीवर काळी अक्षरे घ्यावीत, किंवा पट्टी गडद हिरवी करून नारिंगी रंग फक्त खालच्या रेषेला द्यावा; ओळख टिकते आणि वाचताही येते.

एकाआड एक ओळींना फिका रंग देण्याने लांब ओळ वाचताना नजर घसरत नाही. टेबल ब्लॉकच्या शैलींत त्यासाठी ‘स्ट्राइप्स’ आहे. तो रंग अगदी फिका ठेवावा आणि मग प्रत्येक सेलभोवतीच्या उभ्या-आडव्या रेषा काढून टाकाव्यात. दरातील वाढ-घट केवळ हिरव्या-लाल रंगाने दाखवू नये. ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी ‘वाढ’ आणि ‘घट’ हे शब्दही लिहावेत.

८. तयार डिझाइन लावल्यावर शीर्षकातील मराठी अक्षरांची वरची रेष तुटते. असे का होते?

ते डिझाइन रोमन लिपीसाठी बनलेले असते. शीर्षकाची अक्षरे थोडी दूर दूर ठेवण्यासाठी त्यात ‘लेटर स्पेसिंग’ दिलेले असते. रोमनमध्ये ते शोभते, पण देवनागरीत त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे होतात. विजेटच्या ‘टायपोग्राफी’ विभागात ते शून्य करावे.

त्याच विभागात ‘लाइन हाइट’ १.५ ते १.७ च्या दरम्यान ठेवावी. रोमनसाठी १.२ पुरते, पण मराठीत तेवढ्यात वरचा रफार, मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. फॉन्ट म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही विनाशुल्क असून लहान आकारातही स्पष्ट दिसतात. वर्डप्रेसच्या सामान्य सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडलेली असावी, कारण पान मराठी असल्याची खूण मिळाली तरच नोटोसारखे फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे दाखवतात. नाहीतर हिंदी वळणाची रूपे येतात. अनेकांना हा फरक किरकोळ वाटेल, परंतु शाळेच्या संकेतस्थळावर मुले जी अक्षरे गिरवतात तीच दिसली पाहिजेत, असे आम्हांला मनापासून वाटते.

९. दर रोज बदलतात. रोज पान उघडून आकडे बदलणे टाळता येईल का?

गुगल शीटमध्ये आकडे भरून ती ‘पब्लिश टू वेब’ने पानात बसवता येते. शीटमधील बदल काही मिनिटांत पानावर येतो आणि लिलावाच्या ठिकाणी बसलेला कर्मचारी फोनवरूनही आकडे भरू शकतो. प्रकाशित करताना ‘संपूर्ण दस्तऐवज’ हा पर्याय बदलून फक्त हवी ती शीट निवडावी. शेजारच्या शीटमधील अडत्यांचे हिशेब जगापुढे जाऊ नयेत. या सोयीची किंमतही आहे: बसवलेली शीट वेगळ्या चौकटीत उघडते, संकेतस्थळाची शैली तिला लागत नाही आणि फोनवर ती अवघडच दिसते. म्हणून आकडे थोडे असतील, तर टेबलप्रेसमध्येच रोज पाच मिनिटे द्यावीत, असे आम्ही सुचवतो.

आकडे बदलूनही वाचकाला जुनेच दर दिसत असल्याची तक्रार आली, तर कॅशे तपासावा. पान लवकर उघडावे म्हणून कॅशे प्लगइन त्याची तयार प्रत देत राहते. दरांचे पान त्यातून वगळावे.

१०. दराच्या रकान्यावर क्लिक केल्यावर क्रमवारी चुकीची लागते. ९५० हा आकडा १०,२०० च्या वर येतो. का?

आकडे देवनागरी असल्यामुळे असे होते. क्रमवारी लावणारी जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) देवनागरी अंकांना संख्या न मानता अक्षरे मानते आणि शब्दकोशातल्याप्रमाणे पहिल्या चिन्हावरून क्रम लावते. म्हणून उतरत्या क्रमात ९ ने सुरू होणारा आकडा १ ने सुरू होणाऱ्याच्या वर बसतो. ज्या तक्त्याला क्रमवारीची सोय द्यायची आहे, त्यात आकडे इंग्रजी अंकांत (1, 2, 3) ठेवावेत. जो फक्त वाचायचा आहे, त्यात देवनागरी अंक निःशंकपणे वापरावेत. एकाच रकान्यात दोन्ही प्रकारचे अंक मात्र नसावेत. सेलमध्ये ‘रु.’ किंवा ‘क्विंटल’ लिहिल्यानेही हाच गोंधळ होऊ शकतो, म्हणून एकक मथळ्यात असावे (प्रश्न ३).

तारखांनाही हे लागू होते. दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिलेल्या तारखा अक्षरे म्हणून लावल्या, तर ऑक्टोबरची २ तारीख सप्टेंबरच्या १५ तारखेच्या आधी येते. क्रमवारी हवी असल्यास वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहावे.

११. आज आवकच नव्हती, तर त्या सेलमध्ये शून्य लिहावे की रेघ मारावी?

आवकेच्या रकान्यात शून्य बरोबर आहे, पण दराच्या रकान्यात कधीही नाही, कारण शून्य दराचा अर्थ माल फुकट गेला असा होतो. तेथे ‘आवक नाही’ असे स्पष्ट लिहावे. माहिती अजून मिळालेली नसेल, तर ‘नोंद बाकी’. सेल कोरा सोडू नये. वाचकाला ती चूक वाटते.

१२. सेल एकत्र करायचे आहेत. ‘खरीप’ या शब्दाखाली तीन पिके घ्यायची तर टेबल ब्लॉकमध्ये तसा पर्याय दिसत नाही.

टेबल ब्लॉकमध्ये सेल जोडण्याचे बटण नाही, टेबलप्रेसमध्ये आहे. तरीही आम्ही ते शक्यतो टाळायला सांगतो. जोडलेल्या सेलमुळे क्रमवारी बिघडते, फोनवर मांडणी फसते आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारख्या साधनांना कोणता आकडा कोणत्या शीर्षकाखाली आहे हे सांगणे कठीण जाते. ‘हंगाम’ असा वेगळा रकाना करून प्रत्येक ओळीत ‘खरीप’ लिहावे, किंवा खरीप आणि रब्बी यांचे दोन तक्ते करावेत.

१३. टेबलप्रेस बंद केल्यावर तक्त्याच्या जागी कंसातली ओळ दिसू लागली. तक्ते गेले का?

गेलेले नाहीत. ती ओळ म्हणजे तक्ता मागवणारा शॉर्टकोड. प्लगइन पुन्हा सुरू केले की तक्ते परत दिसतात. ‘बंद करणे’ आणि ‘काढून टाकणे’ यांत मात्र फरक आहे: काढून टाकल्यास तक्तेही जाऊ शकतात. म्हणून त्याआधी निर्यातीच्या सोयीने सर्व तक्ते उतरवून घ्यावेत.

१४. योजनेच्या लाभार्थ्यांची यादी टाकायची आहे. आधार आणि खाते क्रमांकाचे रकाने लपवले तर पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, आणि या प्रश्नाबाबत आम्ही सर्वांत आग्रही आहोत. विजेटमध्ये रकाना ‘लपवला’ की तो बहुधा फक्त पडद्यावरून नाहीसा होतो. पानाच्या मूळ कोडमध्ये माहिती तशीच असते आणि ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. ‘फोनवर दाखवू नका’ ही सोयही बहुतेक ठिकाणी अशीच चालते. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार कायद्याने मनाई आहे, आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला आहे.

नियमानुसार यादी प्रसिद्ध करणे आवश्यकच असेल, तर आधार, खाते क्रमांक आणि मोबाईल क्रमांकाचे रकाने एक्सेलमध्येच काढून टाकावेत आणि उरलेली फाइल नव्या नावाने जतन करून तीच आयात करावी. अशी यादी आधीच प्रसिद्ध झाली असेल, तर पानावरचा तक्ता बदलून थांबू नये. मीडिया लायब्ररीतील मूळ एक्सेल किंवा पीडीएफ काढावी, कॅशे रिकामा करावा (प्रश्न ९) आणि गुगलच्या शोधात जुना मजकूर अजून दिसत असल्यास कालबाह्य मजकूर हटवण्याच्या गुगलच्या साधनातून त्या पत्त्याची विनंती नोंदवावी.